ऑटोरन्स: फॉरमॅटचे पैसे वाचवले, पण 'अनडू' कुठाय?

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू केला की 'रनडीएलएल' नावाची चौकट यायची: अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, मॉड्यूल सापडलं नाही. ओके दाबलं की गायब. कुणीतरी पीडीएफ जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, सोबत अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवणारं आगंतुक सॉफ्टवेअर, आलं, अँटिव्हायरसने ते उडवलं आणि ही चौकट तेवढी मागे राहिली. टिळक रोडवरच्या एका दुकानदाराने मशीन चालूही न करता निदान केलं, "साहेब, विंडोजमध्ये मुरलाय. फॉरमॅट मारावा लागेल." बाराशे रुपये, टॅली परत टाकायचे वेगळे, आणि डेटाची जबाबदारी आपली. खजिनदार मी. बाराशे रुपयांचं व्हाउचर कोथरूडात कुठल्या मीटिंगमध्ये पास होतं ते सांगा.

मुळात ही चौकट म्हणजे व्हायरस नाहीच. फाइल गेली, पण 'चालू झाल्यावर ही फाइल उघड' अशी सूचना रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, 'रन' या कीमध्ये (म्हणजे कप्प्यात) तशीच राहिली. भाडेकरू सोडून गेला तरी त्याच्या नावाची पत्रं येत राहतात, तसं. आणि सूचना पाळणारा रनडीएलएल32 हा विंडोजचा स्वतःचा, अस्सल प्रोग्राम. तो काही डिलीट करू नका. आमचे सेक्रेटरीकाका त्याच तयारीत होते.

आधी मी टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबवर भागवलं. तिथे नाव दिसतं 'विंडोज होस्ट प्रोसेस', पब्लिशर मायक्रोसॉफ्ट. म्हणजे चोर पोलिसांच्या गणवेशात. तरी डिसेबल केलं आणि दुसऱ्या दिवशी चौकट आली नाही. तेव्हा माझं मत झालं होतं की वेगळं काही उतरवायची गरजच नाही. दुपारी मेंटेनन्सची बिलं काढताना तीच चौकट पुन्हा हजर! कारण त्या अ‍ॅडवेअरने टास्क शेड्यूलरमध्येही (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) एक नोंद करून ठेवली होती, आणि ती स्टार्टअप टॅबमध्ये दिसत नाही.

मग ऑटोरन्स घेतलं, म्हणजे विंडोजमध्ये आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं सॉफ्टवेअर. सिसइंटर्नल्सचं, म्हणजे मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोन प्रोग्रामरांच्या हातचं. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, तरी हे फुकटच राहिलं. इन्स्टॉल करायचं नाही, झिप उघडा आणि चालवा; पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, नाहीतर काही नोंदींना हात लावू देत नाही. पहिल्यांदा उघडलं तेव्हा डोळे फिरले. शेकडो ओळी, बारीक अक्षर. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या, वरच्या फिल्टरमध्ये चौकटीतलं फाइलचं नाव टाकलं, आणि उरल्या दोन पिवळ्या ओळी. एक लॉगऑनची, एक शेड्यूल्ड टास्कची. पिवळं म्हणजे नोंद आहे, फाइल नाही. दोन्हींपुढची टिक काढली, मशीन रीस्टार्ट केलं. चौकट बंद ती आजतागायत.

आता तक्रार, आणि ही मी सोडणार नाही. डिलीट केलेली नोंद परत आणायला अनडू नाही! एकदा 'खात्री आहे का' विचारतं, हो म्हटलं की संपलं. इतकं पोहोचलेल्या माणसांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर, आणि साध्या वर्डमध्ये असतं ते इथे नसावं? टिक काढली तर मात्र 'रन'सारख्या कीमधली नोंद 'ऑटोरन्सडिसेबल्ड' नावाच्या वेगळ्या कीमध्ये जाते, शेड्यूल्ड टास्क नुसता डिसेबल होतो, आणि टिक लावली की परत येतं. म्हणून माझा नियम: टिक काढायची, महिनाभर मशीन चालवायचं, मगच डिलीट. आणि लॉगऑन टॅबमध्ये 'युजरइनिट' लिहिलेलं दिसलं तर तिकडे फिरकूसुद्धा नका. ते बिघडलं तर लॉगिनच होत नाही, आणि मग दुकानदार म्हणेल तो भाव.

या एका गोष्टीपायी दोनच स्टार देणार होतो. पण नंतर कम्पेअर सापडलं. मशीन स्वच्छ असताना यादी सेव्ह करून ठेवायची. पुढे कधी संशय आला की फाइल मेनूतून जुन्या यादीशी ताडून बघायची. नव्याने आलेल्या नोंदी हिरव्या दिसतात. पावसाळ्यात कुणीतरी प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून भलतंच काहीतरी टाकलं, ते चहा निवायच्या आत सापडलं. अँटिव्हायरस तेव्हा गप्प होता, ज्याचं रिन्यूअल आम्ही दरवर्षी न चुकता भरतो. तर चार स्टार. पाचवा अनडू आलं की.

ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये अजून काही पिवळ्या ओळी आहेत, जुन्या स्कॅनरच्या वगैरे. त्यांचा त्रास काही नाही, म्हणून मी त्यांना हात लावत नाही. सेक्रेटरीकाका दर मीटिंगला विचारतात, "ते पिवळं का ठेवलंय?" मी म्हणतो, इतिवृत्तात विषय घ्या, ठराव करा, मग काढतो.