पुस्तिकेत ४२ विषय, चालू ११

मी विमा एजंट आहे. गुळगुळीत कागदावरची पुस्तिका समोर ठेवून सही घेणं हा माझा २४ वर्षांचा धंदा. त्यामुळे दुसऱ्या कोणाची पुस्तिका हातात आली की मी मागच्या पानापासून वाचतो, बारीक टायपातलं आधी. लेकीच्या विद्यापीठाची मात्र पुढून वाचली. चूक माझीच.

विद्यापीठ खासगी, छोटं, पश्चिम उपनगरातलं. सगळे मिळून जेमतेम चारशे विद्यार्थी. नाव लिहीत नाही; पोरगी अजून तिथेच शिकतेय. आम्ही भांडुपला राहतो. ती घाटकोपरला उतरून मेट्रो पकडते, पुढे रिक्षा. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत दीड तास. फी वर्षाला सव्वाचार लाख. डबा घरचा.

तिनं लिबरल आर्ट्सचं नाव काढलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे चित्रकला ना?" मीही तेव्हा फार पुढे नव्हतो. आता एवढं कळलंय की इथे पहिल्याच दिवशी विषयाशी लग्न लावत नाहीत. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं: लेखन, तर्क, थोडं गणित, एखादं विज्ञान. मुख्य विषय म्हणजे मेजर, तो दुसऱ्या वर्षी ठरवायचा, जोडीला एक दुय्यम विषय, म्हणजे मायनर. लेक मानसशास्त्र करायचं म्हणून गेली (हल्ली निम्म्या मुली तेच करायला जातात), आणि आज तिचा मेजर इतिहास आहे, मायनर संख्याशास्त्र. मेजर-मायनर नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता साध्या कॉलेजांतही आलंय, त्याचं कौतुक या विद्यापीठाला देणार नाही. पण विषय बदलायला तिला एक मेल आणि सल्लागार मॅडमची सही एवढंच लागलं. त्या मॅडमना तिचं नाव पाठ होतं. याचे पैसे मी आनंदाने मोजले.

आता पुस्तिका. तिच्यात ऐच्छिक विषय ४२. तिसऱ्या सेमिस्टरला प्रत्यक्षात उघडले ११. कारण साधं आहे. आठ मुलं जमली नाहीत तर विषय उघडत नाही, आणि शिकवणारे सर वर्षभर संशोधनाच्या रजेवर गेले की विषयही त्यांच्याबरोबर रजेवर. संस्कृत नाटकाचा एक विषय तीन वर्षं यादीत बघतोय, अजून एकदाही चालला नाही. छोट्या जागेत एका विषयाला एकच माणूस असतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. कोणी खोटं बोललं नाही. मी विचारलं नाही. आता माझ्याकडे कोणी सल्ला मागायला आलं तर सांगतो, पुस्तिका घरी ठेवा, मागच्या दोन सेमिस्टरचं वेळापत्रक मागून घ्या.

उघडलेल्या ११ मधला एक होता मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास. वर्गात १३ मुलं. सरांनी सुरुवात १८५४ पासून केली, कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी काढली तिथून. शेवट १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाशी. परीक्षा नाही, प्रत्येकानं एका जुन्या कामगाराला बोलतं करायचं, आणि तो जे सांगेल ते कागदपत्रांशी ताडून बघायचं.

आमच्या घरात तो कामगार सोफ्यावरच बसलेला असतो. माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आधी बदली, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच त्या दिवसापुरतं काम, मग कायम. त्या संपात पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडलेल्या अडीच लाखांतले एक. मी तेव्हा तिसरीत. मला राजापूरला आजोळी धाडलं होतं, एवढंच आठवतं. अण्णा त्या दिवसांबद्दल बोलत नसत आणि मी कधी विषय काढला नाही. पोरीनं मोबाइल समोर ठेवून विचारलं, "आजोबा, बदलीवाल्याला काम नाही मिळालं तर त्या दिवशी तो काय करायचा?" म्हातारा तीन तास बोलला. सकाळी गेटवर उभं राहणं, कामावर घेणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची मर्जी, रिकाम्या हाताने परत येऊन खोलीवर सांगायचं काय ते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आत जायला धीर झाला नाही.

मग सरांनी अण्णांनाच वर्गात बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अर्ध्या मुलांना मराठी जेमतेम, म्हणून लेक दुभाषी. एकानं विचारलं, साच्यांचा आवाज केवढा व्हायचा? अण्णांनी उत्तर दिलं नाही. उभे राहिले, आणि तोंडातून शब्द न काढता नुसते ओठ आणि हात हलवून पुढच्या मुलाला काहीतरी सांगायला लागले. त्या आवाजात कामगार असेच बोलायचे. ते सांगत होते, "तंबाखू आहे का?" पोरांना ते ओळखायला पाच मिनिटं लागली.

तिचा निबंध लाल होऊन परत आला. अण्णांनी सांगितलेली एक तारीख कुठेच जुळत नव्हती. सरांनी समासात लिहिलं होतं, का जुळत नाही ते शोध. दोन आठवडे ती टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत होती. अण्णा भडकले. "तिथे मी होतो का पेपरवाला?" पण रोज संध्याकाळी ती आली की पहिला प्रश्न त्यांचाच असायचा, काय सापडलं?

तक्रार करायची तर इथेच करतो. शहर मुंबई, विषय गिरणगाव, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट, तेही निम्मं रिकामं. फ्रेंच आहे, स्पॅनिश आहे, मराठीचा एक विषय नाही. हवी ती पुस्तकं लेकीनं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मिळवली. सव्वाचार लाख भरून.

परदेशातल्या सेमिस्टरबद्दल थोडक्यात. पुस्तिकेत झेंड्यांचं एक अख्खं पान आहे. जागा दोन. फी तिकडे वेगळी भरावी लागत नाही, पण विमान, व्हिसा, राहणं-खाणं सगळं आपलं. आम्ही तो विषय घरी पाच मिनिटांत मिटवला.

ऑफिसचा कारभार भोंगळ. पास झालेल्या विषयांची क्रेडिट ज्या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्या क्रेडिट बँकेत तिची क्रेडिट सहा महिने दिसेनात. चार फेऱ्या मारल्या, चारही वेळा "सिस्टीममध्ये आहे" हेच उत्तर. प्राध्यापक उत्तम आणि खिडकीवरचा माणूस असा, हे जमवतात कसं देव जाणे.

सध्या प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट झाली की पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करून १६० केली की ऑनर्स, आणि मग एमए एका वर्षात होतं. मी हिशेब मांडला: तीन वर्षांवर बाहेर पडून मुंबई विद्यापीठात दोन वर्षांचं एमए केलं तर वेळ तेवढाच लागतो आणि पैसे कितीतरी वाचतात. लेक म्हणते, हिशेब बरोबर आहे बाबा, पण चौथ्या वर्षीचा प्रबंध मला त्याच सरांकडे करायचाय, गिरणीत सूत गुंडाळायच्या रीळखात्यातल्या बायकांवर.

पैसे भरायची तारीख या महिनाअखेरची. मी अजून हो म्हटलेलं नाही. अण्णा मात्र परवा लालबागला जाऊन जुन्या चाळीतल्या दोन म्हाताऱ्यांना सांगून आलेत, नात येईल, वेळ काढून ठेवा. फी किती आहे ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.