वॉटर्लू विद्यापीठाची पर्यावरण अभियांत्रिकी: चार महिने वर्ग, चार महिने नोकरी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वॉटर्लू विद्यापीठ 1957 साली सुरू झाले तेच को-ऑप शिक्षणाची, म्हणजे वर्ग आणि नोकरी यांची सांगड घालण्याची, कल्पना घेऊन, त्यामुळे तेथील पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीत नोकरीच्या टर्म ऐच्छिक नसून सक्तीच्या आहेत. चार महिने शिक्षण आणि चार महिने पगारी काम असे आलटून पालटून चालत असल्याने पदवी हाती पडायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. पुष्कळ पालकांना हा जादा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. याच अभ्यासक्रमातून बाहेर पडल्यावर मी मात्र असे म्हणेन की भरलेल्या फीचे खरे मोल त्या काळातच वसूल होते.

या विषयासाठी ही जागा मुळातच सोयीची आहे. वॉटर्लू परिसर पिण्याच्या पाण्यासाठी प्रामुख्याने भूजलावर अवलंबून आहे. जवळच्या एल्मायरा गावात 1989 मध्ये भूजलात एनडीएमए हे घातक रसायन सापडले आणि गावाच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे मे 2000 मध्ये याच प्रांतातील वॉकर्टन येथे नळाच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू शिरून सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, त्यानंतर 2002 मध्ये सुरक्षित पेयजलाचा स्वतंत्र कायदा झाला. विद्यार्थ्यांना मिळणारी बरीच कामे असल्या कायद्यांच्या पोटीच निर्माण होतात, कारण नमुने घेणे आणि नोंदी ठेवणे कोणाला तरी करावेच लागते.

सल्लागार कंपनीतले सुरुवातीचे काम बहुधा हेच असते. निरीक्षण विहिरीत पंप सोडायचा, पाण्याचे तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत संथ गतीने उपसा करायचा, मग हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशा बेताने छोट्या कुप्या भरून त्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याचा कागद भरायचा. काम कंटाळवाणे आहे, यात वाद नाही. परंतु एकाच आवारातील दोन विहिरींपैकी एकीत पाणी लगोलग भरून येते आणि दुसरीत चिकणमातीमुळे ताटकळत बसावे लागते, हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या टर्ममध्ये जमिनीतून पाणी किती वेगाने वाहते हे सांगणारा डार्सीचा नियम शिकताना मातीच्या पारगम्यतेचे आकडे दहापटींनी, शंभरपटींनी का बदलतात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे सुट्टीत कारखान्यात चार फेऱ्या मारून आणलेल्या प्रमाणपत्राशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

सर्वच कामे अशी शिकवणारी नसतात. एका कंपनीत माझी जवळजवळ संपूर्ण टर्म जुने अहवाल स्कॅन करण्यात गेली. नोकरी शोधण्याची व्यवस्था विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालते: मुलाखतीनंतर कंपन्या उमेदवारांचा आणि उमेदवार कंपन्यांचा क्रम लावतात आणि संगणक जोड्या जुळवतो. व्यवस्था चोख आहे. मात्र मुलाखती ऐन सत्रमध्य परीक्षांच्या दिवसांतच येतात, आणि सॉफ्टवेअरच्या मुलांपुढे जागांची जी रेलचेल असते तशी पर्यावरणाच्या मुलांपुढे नसते. पहिल्या वर्षी रेझ्युमेत लिहिण्यासारखे फारसे काही नसताना तर धीर धरावाच लागतो.

खर्चाचा हिशेब करताना को-ऑपची वेगळी फी आणि दर चार महिन्यांनी बदलणारे बिऱ्हाड या दोन्ही गोष्टी धराव्यात. कामाचे गाव बदलले की आधीची खोली सब्लेटने (पोटभाड्याने) द्यायची आणि नवी शोधायची, हे पदवीभर चालू राहते, वर्गमित्रही पांगतात. भारतातून जाणाऱ्यांची फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे को-ऑपच्या पगारातून शिक्षण निघेल या भरवशावर कोणी राहू नये. शिवाय कॅनडाच्या केंद्र सरकारच्या काही विद्यार्थी-जागांवर तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना प्राधान्य असते.

टर्म निवडण्यास वाव मिळाला, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे ते ऑगस्टमध्ये क्षेत्रीय कामे भरपूर असतात, पण इतर विद्यापीठांतील मुलेही तेव्हाच सुट्टीवर असल्याने गर्दी होते. जानेवारीत ती सर्व वर्गात बसलेली असतात. थंडीत विहिरींची झाकणे बर्फाखाली शोधून हातोडीने सैल करण्याची तयारी असेल, तर हिवाळ्याची टर्म घ्यावी.