चिरेखाणीतल्या पाण्यावर सोसायटीचं गरम पाणी: पावसाळा, थंडी, उन्हाळा सगळं काढल्यावरचा अनुभव

गोव्यात हीटिंग कशाला, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. खोल्या गरम करायची गरज आपल्याला नाहीच. पण आंघोळीला गरम पाणी बाराही महिने लागतं, पावसात तर दोन-दोन वेळा, आणि इथे फोंड्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. आमच्या दोन बिल्डिंगी, चोवीस फ्लॅट, म्हणजे चोवीस गीझर, सकाळी साडेसहा ते आठ जवळजवळ सगळे एकदम चालू, दोन-दोन किलोवॅटचे धरले तरी ४८ किलोवॅट होतात आणि त्याच वेळी व्होल्टेज पडून मिक्सर फिरत नाही. गच्चीवर सोलर हीटर होता, तो ऑक्टोबर ते मे झकास चालायचा, पण जून ते सप्टेंबर ऊनच नाही, म्हणजे ज्या चार महिन्यांत गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच आतल्या हीटिंग रॉडवर सगळा भार.

मागच्या बाजूला जुनी चिऱ्यांची खण आहे, दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली, मे महिन्यातही न आटणारी. त्या पाण्यातली उष्णता उचलून सगळ्यांचं आंघोळीचं पाणी तापवायचं असं ठरलं आणि वॉटर-सोर्स हीट पंप बसला. मी सोसायटीची खजिनदार, त्यामुळे मीटरचे आकडे रोज माझ्या वहीत येतात, ते बघूनच लिहितेय.

आधी हे चालतं कसं ते, कारण आमच्या मीटिंगमध्ये यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. खणीचं पाणी २६ अंश, त्यातून ५५ अंशाचं पाणी कसं निघणार, असं वरच्या मजल्यावरच्या काकींनी विचारलं आणि प्रश्न अगदी रास्त होता. फ्रीजच्या मागची जाळी हाताला गरम लागते ना, ती उष्णता आतल्या भाजी-दुधातून काढलेली असते. इथेही तेच, फक्त भाजीच्या जागी तळं. मशीनमधला गॅस कमी दाबावर इतक्या थंडगार अवस्थेत उकळतो की २६ अंशाचं पाणीसुद्धा त्याला गरमच, तो त्यातून उष्णता घेतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबला की तापतो, आणि ती उष्णता आपल्या टाकीतल्या पाण्याला देऊन परत द्रव होतो. वीज लागते ती मुख्यतः दाबायला. म्हणून एक युनिट वीज घालून तीन-चार युनिट उष्णता मिळते, गीझरमध्ये एकाला एकच.

ही काही नवी गोष्ट नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ च्या सुमारास लिमात नदीच्या पाण्यावर हीट पंप लावला होता. स्टॉकहोममध्ये १९८० च्या दशकापासून समुद्राच्या पाण्यातून उष्णता काढून शहराच्या गरम पाण्याच्या पाइपांत सोडतात. नॉर्वेत ड्रामेन नावाच्या शहरात २०११ पासून खाडीच्या साधारण ८ अंशाच्या पाण्यावर अमोनियाचे पंप चालतात आणि ९० अंशांपर्यंत पाणी शहराला देतात. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण ८ वरून ९० ला नेणं आणि २६ वरून ५५ ला नेणं यात केवढा फरक आहे, चढ जितका कमी तितकी वीज कमी, आणि तो फायदा आपल्याला निसर्गानं फुकट दिलेला आहे.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, जी आम्हाला विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. त्या थंड देशांत पाण्याकडे जाण्याचं कारण वेगळं आहे. तिथे हिवाळ्यात हवा शून्याखाली जाते, हवेवरच्या मशीनवर बर्फ धरतो, पण खोल पाणी शून्याच्या वर काही अंश टिकून राहतं, म्हणून पाणी भारी. आपल्याकडे हवाच २२ ते ३२. म्हणजे हवेतून उष्णता घेणारा साधा हीट पंपसुद्धा गोव्यात जवळपास तितकाच चांगला चालेल. मग आम्ही पाण्यावर का गेलो? एक म्हणजे खण भिंतीला लागून. दुसरं म्हणजे हवेच्या मशीनच्या पातळ पत्र्यांना इथली दमट हवा खाते, समुद्राजवळ तर मिठानं फारच लवकर. आणि तिसरं, पंख्याचा आवाज नाही, तळमजल्यावरच्यांना हे फार महत्त्वाचं होतं. तुमच्या शेजारी तळं, खण, बारमाही ओहोळ यातलं काही नसेल तर बोअर मारून वगैरे हे करायला जाऊ नका, हवेचं घ्या आणि वाचलेले पैसे पाइपवर घाला.

पाइपवर का, तेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

आम्ही रोज साधारण ३००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवतो. एक लिटर एक अंश म्हणजे एक किलोकॅलरी, एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, त्यामुळे हिशेब होतो सुमारे १०५ युनिट उष्णता. मशीननं चारपट दिली तर वीज लागायला हवी २६ युनिट. पहिल्या जुलैत मीटर दाखवत होता पन्नासच्या वर. मशीनमध्ये फॉल्ट असेल म्हणून टेक्निशियन आला, गॅस बघितला, प्रेशर बघितलं, मशीन ठणठणीत. मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, वीज खात्यातून रिटायर झालेले, ते टॉर्च घेऊन शाफ्टमध्ये पाइपांवर हात फिरवत फिरले आणि म्हणाले, "अहो वहिनी, सगळी उष्णता इथेच जातेय!"

झालं असं होतं की गरम पाणी नळ उघडल्या उघडल्या यावं म्हणून पाइपाची एक रिंग दोन्ही बिल्डिंगींतून फिरवलेली असते आणि छोटा पंप त्यातलं पाणी सतत फिरवत ठेवतो. चांगलं इन्सुलेशन असलेला पाइपसुद्धा मीटरमागे दहाएक वॅट उष्णता बाहेर टाकतो. आमची रिंग जवळजवळ १५० मीटर. म्हणजे १५०० वॅट, चोवीस तास, ३६ युनिट उष्णता दिवसाला. हजार लिटर पाणी तापवायला लागते तेवढी उष्णता नुसती भिंतींना! आणि हे कोरड्या, नीट इन्सुलेशनचं. आमचं काळं फोम बसवणाऱ्या कंपनीनं बाहेरच्या भागात उघडंच ठेवलं होतं, जोडांवर टेपसुद्धा धड नव्हती, पहिल्याच पावसात ते पाणी पिऊन फुगलं, आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे असून नसल्यासारखं. फोन केले, मेल केले, माणूस चवथ (गणेश चतुर्थी) उलटून गेल्यावर आला. शेवटी बाहेरचा सगळा भाग आम्ही स्वतःच्या खर्चानं काढून नवीन घातला, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, जोड सील केलेले.

आणि पंपाला टायमर लावला. पहाटे साडेपाच ते नऊ, संध्याकाळी साडेसहा ते दहा, बाकी वेळ रिंग बंद. दुपारी कोणाला गरम पाणी हवं असेल तर पहिली मिनिटभर नळ सोडावा लागतो, ते पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं असं ठरवलंय. या दोन गोष्टींनंतर मीटर तिशीच्या थोडा वर स्थिरावला, खणीकडच्या आणि रिंगच्या पंपांची वीज धरून. मशीन तेच, गॅस तोच. म्हणून कोणी कोटेशन देताना सीओपी (एका युनिट विजेला किती युनिट उष्णता) ४.५ आहे, ४.८ आहे असं सांगू लागला की त्याला विचारा, रिंग किती मीटर, इन्सुलेशन किती जाडीचं, वरून पत्रा आहे का, आणि हे कागदावर लिहून घ्या.

आता खणीकडची बाजू. खणीचं पाणी आम्ही मशीनमध्ये घेतच नाही आणि हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. चिऱ्याच्या जमिनीत लोह भरपूर, त्या पाण्यानं बादलीला तांबडा थर धरतो, तोच मशीनच्या आतल्या प्लेटींत धरला असता. त्याऐवजी काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाची वेटोळी तळाशी सोडली आहेत, काँक्रीटचे ठोकळे बांधून, आणि त्यातून आमचं साधं पाणी फिरतं, बंद लूप. थंड देशांत यात गोठू नये म्हणून रसायन घालतात, आपल्याला त्याची गरज नाही, उद्या पाइप फुटला तरी खणीत साधं पाणीच जाईल. वेटोळ्यांवर शेवाळ आणि गाळ धरतो, वर्षातून एकदा पावसाच्या आधी वर उचलून ब्रशनं साफ करावी लागतील, तो खर्च धरून ठेवा. मे महिन्यात पातळी बरीच खाली गेली होती, एक वेटोळं उन्हात उघडं पडलं, ते मधल्या खोल भागात सरकवलं.

खण ज्यांची आहे त्या भाटकारांना वेगळी काळजी होती. तळं थंड पडून आतले मासे मरतील का? त्यांचा प्रश्न मी मनावर घेतला, कारण आपली वीज वाचवायला एक जिवंत तळं मारायचं असेल तर मला ते नकोच होतं. मग गणित मांडलं. साधारण ३०० चौरस मीटरची खण, सरासरी ४ मीटर खोल, म्हणजे १२ लाख लिटर. आम्ही दिवसाला त्यातून सुमारे ८० युनिट उष्णता काढतो, त्यानं सगळं पाणी थंड झालं तर किती, एका अंशाच्या सतरा-अठराव्या भागाइतकं. आणि इथे दर चौरस मीटरला दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे त्या खणीवर १५०० युनिट. पावसात निम्मं झालं तरी आम्ही घेतो त्याच्या नऊपट. थर्मामीटरवरही तेच दिसलं, भर पावसात तळाशी २५-२६, त्याखाली गेलं नाही. मासे आहेत, बगळे येतात, भाटकार खूश आहेत. करार मात्र लेखी केलाय, तोंडी ठेवू नका, जमीन उद्या विकली गेली तर तुमची वेटोळी कुणाच्या खणीत ते ठरलेलं असलं पाहिजे.

पैशांच्या वाटणीवर खूप वाद झाला आणि तो सगळीकडे होईल. आमचे सात-आठ फ्लॅट वर्षभर बंद, मालक मुंबई-दिल्लीचे, नाताळात येतात. त्यांचं म्हणणं, आम्ही नळच उघडत नाही तर पैसे का द्यायचे? पण त्यांच्या दारापर्यंतचा पाइप रोज गरम होतोच, ते नुकसान नळ उघडण्यावर अवलंबून नाही. म्हणून आम्ही दोन भाग केले. रिंग आणि देखभालीचा ठरावीक आकार सगळ्यांना सारखा, आणि वापराचा आकार प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या मीटरवर. मीटर नसते तर हे जमलंच नसतं, बसवताना ते महाग वाटतात पण सोडू नका. आणि तुमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त फ्लॅट बंद असतील तर माझं स्पष्ट मत, हे करू नका, चार जणांसाठी चोवीस घरांचा पाइप तापवत बसाल.

टाकीचं तापमान कमी ठेवून आणखी वीज वाचवा असं एकदोघं म्हणाले, त्याला मी ठाम विरोध केला. कोमट साठलेल्या पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या मधे, लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो, आणि आमच्याकडे सत्तरी ओलांडलेली बरीच मंडळी आहेत. टाकी ५५ ला आणि आठवड्यातून एकदा ६० च्या वर, तेव्हा रिंगही पूर्ण फिरवायची. त्यात थोडी वीज जास्त जाते, जाऊ दे.

लाईट जाण्याचा प्रश्न वाटला होता तितका आला नाही. तीन हजार लिटरची टाकी एकदा तापली की रात्रभरात फार उतरत नाही, त्यामुळे पावसात लाईट दोन-तीन तास गेली तरी सकाळच्या आंघोळी झाल्या. जनरेटरवर कॉम्प्रेसर घ्यायचा असेल तर सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) हवाच, नाहीतर सुरू होताना खेचला जाणारा करंट जनरेटरला झेपत नाही. मशीन आम्ही मुख्यतः दुपारी चालवतो, सोलर हीटर काढून गच्चीवर वीज बनवणारी पॅनलं लावली आहेत, त्यांची वीज तेव्हा हाताशी असते, उरलेलं पहाटे.

आमच्या सासूबाईंचं आयुष्य न्हाणीतल्या भाणावर गेलं, चुलीत लाकडं सारून तापवलेलं पाणी, त्यांना गीझरचं कधी आवडलं नाही कारण दुसऱ्या बादलीला ते संपायचं. आता त्या म्हणतात, "भाणासारखं आहे, संपत नाही." ऐकून मला मनापासून आनंद झाला.

सध्या शेजारच्या नवीन बिल्डिंगीनं आम्हालाही जोडून घ्या म्हणून पत्र दिलंय. मशीनला तेवढी ताकद आहे, अजून पाच-सहा तास ती रिकामीच असते, पण मधे रस्ता आणि त्याखालून साठ मीटर पाइप जाणार. मी कमिटीला सांगितलंय की कारखान्यातून इन्सुलेशन चढवूनच येतो तसा पाइप ते घालणार असतील आणि त्यांचेही फ्लॅट भरलेले असतील तरच, जमिनीत साधा पाइप गुंडाळून पुरायचा असेल तर नाही. त्यांचं उत्तर पावसाच्या आधी यायला हवं, नंतर खोदकाम होत नाही.