फ्लोराइड मोजायचं: रंगाची पद्धत की इलेक्ट्रोड?

यवतमाळच्या पांढरकवडा, झरी जामणी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. मग तालुक्याच्या प्रयोगशाळेत मोजायचं कशावर?

रंगाच्या पद्धतीत, म्हणजे स्पॅड्न्स पद्धतीत, झिरकोनियम-रंगाचं लाल द्रावण फ्लोराइडमुळे फिकं पडतं. तो फिकेपणा 570 नॅनोमीटरवर वाचायचा. यंत्र स्वस्त, छोटं मॉडेल बॅटरीवरही चालतं. पण लिटरला 1.4 मिलिग्रॅमच्या वरचा नमुना पातळ करावाच लागतो, आणि अभिकर्मक (तेच लाल द्रावण) थोडं कमीजास्त झालं की आकडा गेला. म्हणजे खरा भरवसा पिपेट धरणाऱ्या ताईंच्या हातावर.

इलेक्ट्रोड म्हणजे पाण्यात बुडवून विजेच्या दाबावरून फ्लोराइड मोजणारी कांडी; तिच्यात लॅन्थॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. टिसॅब बफर (नमुन्याची आम्लता आणि क्षारांची पातळी सारखी ठेवणारं द्रावण) घातलं की ॲल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइडही मोकळं होतं, पाण्याचा रंग आड येत नाही. मात्र तापमान सांभाळा. मे महिन्यात खोली तापली असताना प्रमाण द्रावण (ज्यातलं फ्लोराइड आधीच माहीत असतं ते) फ्रिजमधून काढून लगेच वापरलं, तर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र जुळवणं, फसलंच म्हणून समजा.

रोज नमुने येत असतील तर माझं मत इलेक्ट्रोडला. महिन्याकाठी चारच बाटल्या येणार असतील, तर रंगाची पद्धत पुरे. बाटली दोन्हीकडे प्लास्टिकचीच हवी, काचेची नको.