बीटी पावडर : कोबीवर मस्त चालते, पण सारखी सारखी मारू नका

भात कापून झालं की आमच्याकडे गुहागर साईडला बरेच जण कुणग्यात थोडा कोबी, नवलकोल, मुळा लावतात, आणि पानाला पापुद्र्यासारख्या खिडक्या दिसल्या की समजायचं चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आली. तिच्यावर ही कुर्स्टाकीवाली बीटी पावडर (बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, कुर्स्टाकी ही त्याची एक जात, त्याच्या विषाने अळी मरते) खरंच चांगली आहे. अळीने पानाबरोबर खाल्ली की आतड्याला भोकं पडतात, खाणं लगेच थांबतं पण मरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली की घाईने परत फवारू नका. अळी बारीक असतानाच आणि संध्याकाळी मारा, उन्हात ताकद जाते.

एक स्टार कापतोय तो पाकिटावर न लिहिलेल्या गोष्टीसाठी. हीच अळी बीटीला दाद देईनाशी होऊ शकते, हवाईतल्या शेतांत तसं झाल्याचं 1990 मध्येच छापून आलंय, तिथे बीटी सारखी मारली जायची. होतं काय, विष आतड्यात ज्या जागी चिकटतं तीच जागा काही अळ्यांत बदललेली असते. हा गुण बहुतेकदा दबलेला असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी पूर्ण डोसला पुरून उरते, एकाकडूनच आला तर मरते. पण आपण पावडर वाचवायला पाणी वाढवलं की ह्या अर्धवटवाल्या पण वाचतात, त्यांचीच आपापसात पैदास होते आणि पुढच्या पिढ्यांत दोन्हीकडून गुण मिळालेल्या अळ्या वाढत जातात, आणि आपल्या उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार!

म्हणून माप पाकिटावरचंच घ्या. कडेच्या एक-दोन ओळी न फवारता सोडा, तिथले साधे पतंग वाचलेल्यांशी जुळले तर पोरं बहुतेक एकाच बाजूने गुण घेतलेली निघतात आणि ती पूर्ण डोसला मरतात. कपाशीच्या बीटी बियाण्याबरोबर (त्याच्या झाडातच बीटीचं विष तयार होतं) साधं बियाणं लावायला सांगायचे ते ह्याचसाठी, विदर्भात किती जणांनी ते लावलं नाही आणि गुलाबी बोंडअळीने काय केलं ते बघितलंय सगळ्यांनी. आणि लागोपाठ बीटीच नको, मध्ये निंबोळी अर्क घ्या.

घेताना एक्स्पायरी बघा, आणि पत्र्याखाली तापलेल्या दुकानातलं पाकीट नकोच.

४/५