फ्रेमच्या काठाखाली दडलेली ओळ

माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांची शिक्षिका व्हायचं हे माझं दहावीतच ठरलं होतं, आणि ज्या प्रशिक्षण संस्थेत पुढे प्रवेश घेतला, तिथल्या सरांना पहिल्याच भेटीत मी ते सांगून टाकलं. "अशीच मुलं हवीत आम्हाला," ते गहिवरून म्हणाले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा कागदांबद्दल विचारलं, तेव्हा तेव्हा त्यांनी माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि प्रश्न तिथेच राहायचा.

अभ्यासक्रम होता विशेष शिक्षणातला दोन वर्षांचा बी.एड. या क्षेत्रात नुसती पदवी पुरत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, वैधानिक संस्था झाली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, केलं तर शिक्षेची तरतूद आहे. एवढं मला माहीत होतं, म्हणून मान्यतापत्र मागितलं. "ते काय, भिंतीवर!" सोनेरी फ्रेम, वर परिषदेचं नाव, खाली सही-शिक्का, चारी बाजूंनी रुंद पांढरा पुठ्ठा. मी फोटो काढून घरी दाखवला. बाबांनी कर्ज काढलं.

दोन वर्षांनी नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तोच फोटो मोठा करून पाहिला. पुठ्ठ्याच्या काठाने एक ओळ अर्धी कापली होती, पण वाचता येत होती. पत्र पदविकेचं होतं, बी.एड.चं नव्हतं, आणि त्याची मुदत माझ्या प्रवेशाआधीच संपली होती. परिषद संस्थेला सरसकट मान्यता देत नाही. ठरावीक अभ्यासक्रम, ठरावीक वर्षं आणि ठरावीक जागा, एवढ्यापुरतीच ती असते. श्रवणदोषाची वेगळी, बौद्धिक अक्षमतेची वेगळी. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. मी फ्रेम बघितली, यादी बघितली नाही.

पैसे गेले त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. सराव पाठांसाठी आम्हाला विशेष शाळेत पाठवायला हवं होतं. त्याऐवजी वर्गात बसवून जर्नल उतरवून घेतली, सह्या आपोआप झाल्या. पुढे एका शाळेत मदतनीस म्हणून गेले, तर तिथल्या बाईंनी पहिल्याच सकाळी विचारलं, "सहा ध्वनी घेतलेस का?" मला काही कळेना. त्यांनी कागदाने तोंड झाकलं आणि एका चिमुरडीच्या मागे उभं राहून एकेक ध्वनी काढला: आ, ऊ, ई, श, स, म. ऐकू आलं की ती डब्यात मणी टाकायची. 'स'ला मणी पडला नाही. बाईंनी लगेच तिचं श्रवणयंत्र काढून तपासलं. बोलण्यातले खालच्यापासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज मुलाला मिळतात का, हे त्या सहा ध्वनींतून कळतं, आणि ते रोज बघायचं असतं. दोन वर्षं 'शिकून' मला हे माहीत नव्हतं. मी एकटी वर्गावर असते, तर ती मुलगी दिवसभर अर्धवट ऐकत बसली असती.

नर्सिंगला, फिजिओथेरपीला किंवा मानसशास्त्राला जाणाऱ्यांनीही हेच बघावं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलेलं आहे, आणि तिथेही आरसीआयची मान्यता लागते. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, यादीत असणं ही निराळी गोष्ट आणि त्या कामाच्या परिषदेची मान्यता ही निराळी. दोन्ही स्वतः तपासा. प्रवेश घेण्याआधी त्याच संस्थेतून तोच अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या एखाद्याचा नोंदणी क्रमांक मागा. मी मागितला असता तर मिळालाच नसता, कारण कोणाकडेच नव्हता.

मूळ गुणपत्रिका संस्थेकडे अजिबात ठेवू नका, यूजीसीने त्याला मनाई केलेली आहे. माझ्या त्यांनी अडकवून ठेवल्या होत्या. लेखी तक्रार केल्यावर आठवड्यात परत आल्या, फी मात्र अजून नाही. पोलिसांत अर्ज दिला आहे.

गेल्या महिन्यात धाकटी मैत्रीण तिथे चौकशीला गेली होती. प्रवेश चालू आहेत आणि ती फ्रेम अजून भिंतीवरच आहे.