केबलवाल्याचं नेट की टेलिफोनची तार? बेळगाव भागात निवड करताना

गल्लीत फायबर थेट घराच्या भिंतीपर्यंत येत असेल तर तीच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. हा आढावा उरलेल्यांसाठी आहे. घरात टेलिफोनची जुनी लाइन अजून जिवंत आहे, तिच्यावर डीएसएल, म्हणजे त्याच तांब्याच्या तारेतून येणारं नेट, चालतं, आणि केबलवाला दारात येऊन सांगतोय की टीव्हीबरोबर आम्ही नेटही देतो, वेग दसपट. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्या असोत, खानापूर असो की निपाणी-चिकोडीकडची गावं, प्रश्न एकच असला तरी उत्तर जागेप्रमाणे बदलतं. मी स्वतः तांब्याची तार ठेवली आहे. ती सगळ्यांनी ठेवावी असं माझं म्हणणं नाही.

केबलवाल्याला सगळ्यात आधी हे विचारा, की घरात नेमकं काय येणार? ‘केबलचं नेट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एकात टीव्हीचीच काळी जाड कोएक्स केबल आणि तिला केबल मोडेम. दुसऱ्यात, आणि आपल्याकडे जास्त करून हीच पद्धत दिसते, खांबापर्यंत फायबर, खांबावर किंवा एखाद्या घरावर पत्र्याची पेटी, पेटीत आठ पोर्टचा स्विच (एक नेट अनेक घरांत वाटणारं यंत्र) आणि तिथून घरापर्यंत लॅनची वायर.

कोएक्स येणार असेल तर मोडेमच्या पानावरचे (मोडेमचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं ते) आकडे बघून घ्या. येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या जोराचं माप) आत हवी, एसएनआर, म्हणजे सिग्नल खरखरीपेक्षा किती वर आहे तो आकडा, ३३ डेसिबलच्या वर. बहुतेक घरांत हे बिघडतं ते टीव्हीच्या स्प्लिटरमुळे. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात. म्हणून घरात शिरल्या शिरल्या दोन तोंडांचा एकच स्प्लिटर लावायचा, त्याच्या एका तोंडावर मोडेम, दुसऱ्यावरून पुढे हवे तितके टीव्ही. मोकळं राहिलेलं तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करा. उघड्या तोंडातून आणि सैल कनेक्टरमधून बाहेरची खरखर आत शिरते. अपलोडचा पट्टा खालच्या फ्रिक्वेन्सीचा असल्यामुळे ती आधी अपलोडला भोवते, आणि एका घरातली घाण अख्ख्या गल्लीच्या माथी बसते.

लॅनची वायर येणार असेल तर अंतर मोजा. पेटीतल्या स्विचपासून तुमच्या राउटरपर्यंत १०० मीटर ही हद्द आहे. दोन खांबांत साधारण ३०-४० मीटर अंतर असतं, वर घरातली चढ-उतार. म्हणजे पेटी दोन खांबांपलीकडे असेल तर नाही म्हणा, किंवा पेटी जवळ आणायला सांगा. वायर बाहेरची, काळ्या वेष्टनाची हवी. घरात वापरायची करडी वायर उन्हात तडकते आणि पावसाचं पाणी वायरीच्या आतून सरळ राउटरच्या पोर्टपर्यंत उतरतं. टोक सोलून पाहा. सुरीने खरवडल्यावर आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. वळणावर मोडतं, लांब अंतरात कमी पडतं.

आता डीएसएल. इथे वेग ठरतो एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर, आणि ते अंतर कावळ्याच्या उडण्याचं नाही, तार ज्या रस्त्याने फिरून येते त्याचं. एडीएसएल-२ प्लस या डीएसएलच्या प्रकाराची वरची मर्यादा २४ एमबीपीएस, पण ती एक्स्चेंजच्या दारात. एक किलोमीटरवर २० च्या आसपास मिळतं, तीनवर साधारण ८, पाचवर जेमतेम २. अंदाज बांधत बसू नका. मोडेमचं पान उघडा, बहुतेकांचं १९२.१६८.१.१ वर असतं, आणि लाइन ॲटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला ते, बघा. दर किलोमीटरला साधारण १४ डेसिबल पडतात. २८ दिसले तर तुम्ही दोन किलोमीटरवर आहात, ४२ दिसले तर तीन. त्याच्याच जवळ एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइन टिकायला लागतं त्याहून सिग्नल किती वर आहे ते, लिहिलेलं असतं. १० च्या वर असेल तर निवांत, ६ च्या खाली गेलं की लाइन दिवसातून अनेकदा तुटणार. मार्जिन कमी असेल तर वेग कमी करून मागा, ८ चा ४ करून. मार्जिन वाढतं आणि लाइन टिकते. हे मागायला लोकांना कमीपणा वाटतो, पण न तुटणारे ४ हे तुटणाऱ्या ८ पेक्षा रोजच्या कामाला बरे.

डीएसएलचं खरं दुखणं पाऊस. अथणीकडे हे फारसं जाणवणार नाही, पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर जोडांत पाणी शिरतंच. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं, तसाच तांब्याच्या जोडाला हिरवा कळंक चढतो. ओळखायची रीत सोपी आहे. रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि त्या शांततेत कान द्या. लाइन चांगली असेल तर काहीच ऐकू येत नाही. चुलीवर ओलं लाकूड तडतडावं तशी खरखर आली तर जोड गेलाय. दुसरी खूण म्हणजे फोनची घंटी वाजली की नेट तुटणं. घंटीच्या वेळी लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. चांगल्या जोडाला त्याचं काही नसतं, पण कळकलेला जोड त्या धक्क्याने हलतो आणि मोडेमची पकड सुटते. अर्थात आधी घरातल्या प्रत्येक फोनला फिल्टर (फोन आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारी डबी) आहे ना ते पाहा. वरच्या मजल्यावर विसरलेला एक पॅरलल फोनही हेच करतो.

लाइनमन आला की त्याला नुसती टेप गुंडाळू देऊ नका, टेप पाणी आत धरून ठेवते. वायर मागे चार-पाच सेंटिमीटर कापायची, लखलखीत तांबं दिसेपर्यंत, आणि दोन्ही तारा जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये घालून पकडीने दाबायच्या. असे तीन जोड बघायचे असतात: खांबावरच्या डीपीत (टेलिफोनच्या तारा वाटणारी पेटी), वळचणीखाली आणि घरातल्या रोझेटमध्ये (भिंतीवरची फोनची डबी). लोक रोझेट विसरतात. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी हे करून घेतलं तर पावसाळा बराचसा निभावतो. वळीव कडाडायला लागला की मात्र मोडेमची वीज आणि टेलिफोनची तार दोन्ही काढायची. नुसता प्लग काढून भागत नाही, झटका तारेतूनच येतो. लॅनच्या वायरीलाही हेच लागू.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग केबलच घ्यावी. वेग जास्त, अपलोडही सहसा बरं. डीएसएलचं अपलोड खरोखर तोकडं आहे, हातात ०.८ एमबीपीएस आलं तरी खूप. ४ एमबीचा एक फोटो चढायला ४० सेकंद लागतात, आणि मोबाइलने मागच्या मागे फोटोंचा बॅकअप सुरू केला की मुलांचा ऑनलाइन क्लास तुटायला लागतो. बॅकअप रात्रीवर टाकला तर एक साधा व्हिडिओ कॉल निभावतो. दोन कॉल एकाच वेळी नाही.

तरीही मी तार ठेवली त्याला कारण लाइट.

खांबावरच्या पेटीतला स्विच जेमतेम ५ ते १० वॅट खातो. तेवढा करंट येतो शेजारच्या कुणाच्या तरी घरातून, नेटच्या बिलात सवलत देऊन घेतलेला. आता पाहा काय होतं. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे. राउटरचे दिवे हिरवे आहेत, वायफायच्या दांड्या पूर्ण आहेत आणि नेट नाही. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘पेटीला लाइट नाही ओ.’ ती पेटी ज्या घरावर आहे त्या घरी इन्व्हर्टर नाही. किंवा ते घर यल्लम्माला सौंदत्तीला गेलंय आणि जाताना शहाण्या माणसासारखं मेन पाडून गेलंय. त्यांचं काहीच चुकलं नाही. वर या पेट्या एकीतून दुसरीत अशा माळेने जोडलेल्या असतात. केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्यापर्यंत चार पेट्या असतील तर चार घरांची लाइट शाबूत असावी लागते, तेव्हा तुमचं नेट चालतं. कोएक्सवाल्यांचीही यातून सुटका नाही. वाटेतल्या ॲम्प्लिफायरना वीज लागतेच, आणि तिच्यामागे बॅटरी क्वचितच असते. पैसे खर्च करून आपण आपल्या घरची सोय करायची, आणि नेट मात्र चौथ्या गल्लीतल्या अनोळखी घराच्या मेन स्विचवर, याचा मला फार त्रास झाला. वेग कमी असणं मी समजून घेऊ शकतो, नेट कधी जाईल याचा अंदाजच नसणं नाही.

टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असते, आणि फोन व डीएसएल दोन्ही तिच्यावरच चालतात. मधल्या वाटेत, खांबावर, डीपीत, कुठेच वीज लागत नाही, नुसतं तांबं. म्हणून घरचा मोडेम चालू ठेवला की काम झालं. १० वॅट खाणाऱ्या मोडेमला ३० वॅट-तासांची छोटी १२ व्होल्टची बॅटरी अडीच तास पुरते. माझ्या पाहण्यात दुपारचं भारनियमन त्यात निघून जातं. मात्र गावाकडच्या लहान एक्स्चेंजची बॅटरी म्हातारी झालेली असू शकते. निवड करण्याआधी चार-पाच वेळा लाइट गेल्यावर तासाभराने रिसीव्हर उचलून पाहा. टोन असेल तर एक्स्चेंज जागं आहे. दर वेळी टोन गायब असेल तर माझा हा सगळा मुद्दा तुमच्यापुरता बाद, केबल घ्या.

केबलच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे आणि ती मान्य करायला हवी. केबलवाला आपल्या गल्लीतला असतो, मराठीत बोलतो, संध्याकाळपर्यंत गाडीवर येऊन जातो. टेलिफोनच्या तक्रारीला डॉकेट नंबर घेऊन थांबावं लागतं. रस्ता खोदताना जेसीबीने जमिनीतली केबल तोडली तर शंभर-शंभर जोड्या पुन्हा जोडायला दिवस जातात. उलट खांबावरच्या वायरींनाही वैरी आहेतच. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात भरलेली ट्रॉली खाली लोंबणारी वायर ओढून नेते, बेळगावात गणपतीच्या उंच मूर्तीसाठी बांबूने उचललेली वायर नंतर पूर्वीसारखी बसतेच असं नाही, आणि विजेच्या खांबावरून फुकट नेलेली वायर वीजवाले कधीही उतरवू शकतात.

घरी किंवा दुकानात सीसीटीव्ही असेल तर केबलवाल्याला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा तुमचाच पत्ता, मिळणार का तेही विचारा. बऱ्याच जणांकडे एकाच आयपीमागे अनेक घरं असतात. मग डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बाहेरून उघडत नाही, कंपनीच्या क्लाउड ॲपवर अवलंबून राहावं लागतं.

माझा कल असा आहे. ॲटेन्युएशन ३५ च्या आत, घरात एका वेळी एकच कॉल आणि लाइट वारंवार जाते, तर तार ठेवा. एक्स्चेंज चार किलोमीटरवर असेल, किंवा दोघं-तिघं घरून काम करत असतील, तर केबल घ्या. पण घेताना पेटी आपल्याच घरावर बसवा म्हणा, आपल्या इन्व्हर्टरवर, आणि केबलवाल्याच्या ऑफिसपासून तिथपर्यंतच्या मधल्या पेट्या कुणाच्या घरावर आहेत व तिथे बॅटरी आहे का, हे विचारून घ्या. चांगला केबलवाला याला हो म्हणतो, त्याचेही हेलपाटे वाचतात.

केबल घेतली तरी तार लगेच परत करू नका. तांब्याची नवी जोडणी आता सहसा देत नाहीत, एकदा सोडली की गेली. महिनाभर दोन्ही चालवा, शक्यतो जुलैत. रात्री नऊला, सगळी गल्ली मॅच बघत असताना, राउटरच्या पुढच्या पहिल्या टप्प्याला शंभर पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारे छोटे संदेश) मारा. सकाळी सहाला पुन्हा मारा. सकाळी ५ मिलिसेकंद आणि रात्री १५०, शंभरातले दहा गायब, असं दिसलं तर पेटीमागची वायर भरलेली आहे आणि पुढची दहा घरं जोडली जातील तेव्हा ती आणखी भरेल. लाइट किती वेळा गेली आणि त्यातल्या किती वेळा नेट राहिलं, हे कॅलेंडरवर दोन रंगांत मांडून ठेवा.